मदत हवी आहे: डोंगरावर चराईबंदी केली, आता शेळ्या कुठे न्यायच्या?

तालीवरचा (जून)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाव सह्याद्रीच्या पूर्व उतारावर. खाली भातखाचरं, वर नाचणी-वरईचे पट्टे, त्याच्या वर साठेक हेक्टर गुरचरण आणि शेवटी वनखात्याची हद्द. पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी फेब्रुवारीत विहिरी तळाला जातात. डोंगर उघडा पडलाय. गेल्या पावसात वरच्या ताली, म्हणजे उतारावरचे बांध, फुटल्या आणि दोघांच्या खाचरात गुडघाभर मुरूम येऊन बसला.

म्हणून मे महिन्यात ग्रामसभेत तीन वर्षांची चराईबंदी ठरली. एकमताने, असं इतिवृत्तात लिहिलंय. खरी गोष्ट अशी की सभा दुपारी दोनला होती आणि वाडीवरची अकरा घरं, ज्यांच्याकडे मिळून २४० शेळ्या आहेत, ती त्या वेळी डोंगरावर होती. आता राखणदार नेमलाय. दोनदा शेळ्या कोंडवाड्यात घातल्या, एकदा हातघाई झाली. सध्या शेळ्या पहाटे अंधारात वर जातात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

मी बंदीच्या बाजूने हात वर केला होता. आता झोप लागत नाही.

तीन वर्षं पूर्ण बंद ठेवणं खरंच लागतं का? डोंगराला किती जनावरं झेपतात, याचा हिशोब कसा करतात? आणि दिवाळीनंतर मेंढपाळांचे दोन वाडे (कळप) येतात, आम्हीच त्यांना खतासाठी शेतात बसवतो. त्यांना काय सांगायचं?

शिस्तीचा माणूस

बंदी म्हणजे बंदी. हिवरे बाजारने काय केलं? चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि आज डोंगर बघा. एकाला सूट दिली की दहा जण रांगेत उभे राहतात. शेळी हे जनावरच डोंगराला लागलेली कीड आहे.

तालीवरचा

दादा, हिवरे बाजारला मी दोनदा जाऊन आलोय. तिथे नुसती बंदी नव्हती. त्यासोबत चर खोदले, रोजगार हमीची कामं काढली, आणि गवत कापून न्यायला मुभा ठेवली. आमच्याकडे फक्त राखणदार आणि कोंडवाडा आहे.

कुसळी

चारा विकासाच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

आधी गवत मोजा, भांडण नंतर. डोंगरावर वेगवेगळ्या ठिकाणी, चांगल्या-वाईट दोन्ही, मीटर बाय मीटरचे आठ-दहा चौकोन आखा. त्यांवर आत्ताच काटेरी फांद्या रचा, म्हणजे जनावर तोंड घालणार नाही. ऑक्टोबरात गवत पिवळं पडायला लागलं की चौकोनातलं सगळं कापा आणि उन्हात वाळवा. सलग दोन दिवस वजन तेच भरलं की वाळलं समजा. सरासरी जितके ग्रॅम, त्याला दहाने गुणलं की हेक्टरी किलो. शंभर ग्रॅम म्हणजे हेक्टरी हजार किलो. त्यातलं निम्मंच जनावरांचं. उरलेलं निम्मं मुळांचं, बियांचं आणि माती धरून ठेवायचं.

आता खाणारी तोंडं. वाळल्या चाऱ्याच्या हिशोबात अडीचशे किलोची गावठी गाय दिवसाला सहा किलोच्या आसपास खाते. म्हैस नऊ धरा, लहान अंगाची शेळी एक. गुणाकार कुणालाही येतो. अट एवढीच, गावातली सगळी जनावरं मोजायची.

तीन वर्षांबद्दल. पूर्ण बंदी हे सोपं औषध आहे, एकमेव नाही. जुनी मुळं जिवंत असतील तर एका पावसाळ्याच्या विसाव्यानेही फरक दिसतो. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत. तेव्हा गवत मुळांतल्या साठ्यावर फुटत असतं, आणि नेमकी तेव्हाच उन्हाळाभर उपाशी राहिलेली जनावरं आपण वर सोडतो. गवत वीतभर होईपर्यंत थांबा, चार बोटं उरलं की जनावरं हलवा. डोंगराचे चार भाग करा, त्यातला एक दरवर्षी पावसाळाभर, बी पडेपर्यंत, पूर्ण बंद. यंदा सगळ्यात उघडा पडलेला भाग बंद ठेवा आणि तिथेच मारवेल गवताची ठोंबं आणि स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी टाका.

सध्या वर काय उगवतंय, तेही बघा. नुसतं कुसळी गवत दिसत असेल तर वणवे लागत असणार. माझं नाव तिच्यावरून घेतलंय, म्हणून तिची बाजू घेतो: फुलोऱ्याआधी ती चांगला चारा असते, नंतर तिची कुसळं मेंढरांच्या कातड्यात घुसतात. दिवाळीनंतर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढल्या नाहीत तर बाकी सगळं वाया.

शेळीला कीड म्हणणाऱ्यांना एक सांगतो. शेळी पाला ओरबाडते, झाडाची रोपं तिला दिसता कामा नयेत, हे खरं. पण गवत मुळापर्यंत कुरतडणारं जनावर मेंढी. आणि घाणेरी वाढलीय ती शेळीमुळे नाही, घाणेरी कुठलंच जनावर आवडीने खात नाही.

सातबारा_वाचक

पहिलं काम, गट नंबर काढून उतारे बघा. गुरचरण म्हणजे जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली गावाच्या जनावरांना चरायला राखून ठेवलेली जमीन. वाडीवरच्या शेळ्या गावाच्याच जनावरांत येतात, हे सभेत मोठ्याने वाचून दाखवा.

वरची वनहद्द वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे आणि त्यात फिरत्या पशुपालकांची चराईही नाव घेऊन धरलेली आहे. वन राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्कही तिथेच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला असा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला. दावा ग्रामसभेनेच करायचा असतो, पण दुपारी दोनच्या ग्रामसभेने नव्हे.

इतिहासप्रेमी

थोडं अवांतर. स्वित्झर्लंडमधल्या ट्यॉर्बेल गावात १५१७ सालापासूनचा नियम आहे: हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतात, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हे उदाहरण अभ्यासलं होतं. सामाईक साधनसंपत्ती लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, या कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्याकडे 'उन्हाळ्यात दावणीला जितकी पोसाल तितकीच डोंगरावर' असा नियम करता येईल का?

वाडीवरची

मी दुसऱ्या तालुक्यातली, पण आमची वाडीच. माहेरी शेळ्या, सासरी शेळ्या.

वरचा नियम ऐकायला छान आहे. दावणीला घालायला चारा कुणाकडे असतो? ज्याचं शेत आहे त्याच्याकडे. पेंढा त्याचा, बांधावरचं गवत त्याचं. आमच्याकडे शेत नाही म्हणून तर शेळ्या आहेत. हा नियम केला की जमीनवाल्याच्या दहा गायी वर जाणार आणि माझ्या बारा शेळ्या घरी बसणार. स्वित्झर्लंडात सगळ्यांकडे शेत असेल बाई.

आमच्याकडेही बंदी झाली होती. पोराच्या फीला शेळी विकायची असते, आजारपणाला विकायची असते. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी नऊ शेळ्या विकल्या त्या व्यापारी मागेल त्या भावात, कारण सगळी वाडी एकदम विकायला निघाली होती. पुढे डोंगर हिरवा झाला. गवताचा लिलाव झाला आणि तो घेतला म्हशीवाल्याने.

दादा, तुम्ही हात वर केलात ते सांगितलंत, बरं वाटलं. आता वाडीत जा. संध्याकाळी, शेळ्या परतल्यावर. आणि कागद घेऊन जाऊ नका.

शिस्तीचा माणूस

ताई, तुमचं दुःख समजतं, पण डोंगर राहिला नाही तर शेळ्याही राहणार नाहीत.

वाडीवरची

ते आम्हाला तुमच्या आधी कळतं. रोज वर आम्ही असतो.

तालीवरचा (ऑक्टोबर)

बरेच दिवस गप्प होतो, पण काम चालू होतं.

वाडीत तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा एका आजीने विचारलं, चौकोनांवर काटे कशाला टाकलेत, भूत बांधलंय का? तिसऱ्यांदा त्यांचीच दोन पोरं मोजायला आली. कुठलं गवत कुठल्या महिन्यात गोड लागतं, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे.

नऊ चौकोनांची सरासरी ११० ग्रॅम आली. म्हणजे हेक्टरी ११०० किलो, साठ हेक्टरचं ६६ टन, त्यातलं जनावरांचं ३३ टन. गावात ७० गायी-बैल, २० म्हशी, २४० शेळ्या. रोजचा खप गायी-बैलांचा ४२० किलो, म्हशींचा १८०, शेळ्यांचा २४०. एकूण ८४० किलो. ३३ टन जेमतेम ३९ दिवस पुरतं.

गणित चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. ८४० पैकी ६०० किलो आमच्या, हात वर केलेल्यांच्या, गोठ्यातलं आहे. त्यात माझे दोन बैल आणि एक म्हैस. शेळ्या निम्मा पाला खातात ते मी धरलेलंच नाही, धरलं तर त्यांचा वाटा आणखी कमी होईल. शिवाय वरच्या अंगाला तिघांनी गुरचरणातच नाचणी केलीय. ते तिघेही सभेत पहिल्या ओळीत होते.

पुढची ग्रामसभा रात्री आठला, वाडीच्या देवळासमोर. सरपंच नाखुशीने का होईना, तयार झाले. चार भागांचा नकाशा पोरांनी काढलाय. यंदा एक भाग बंद, तिथलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क वाडीचा, लिलाव नाही. मेंढपाळांनी वाडा कापलेल्या खाचरांत बसवायचा, बंद भागाच्या कडेने वाट ठरवून द्यायची.

एक गोष्ट अजून अडलीय. मोठ्या जनावरांवर घरटी मर्यादा घातली तर आमचेच लोक उठून जातील. मर्यादेऐवजी ठरावीक आकड्यावरच्या प्रत्येक जनावरामागे वर्षाचे चार दिवस श्रमदान, चर खोदायला नाहीतर जाळरेषेला, असं सुचवावं म्हणतो. हे कुणी करून पाहिलंय का? आणि श्रमदान चुकवलं तर काय करता? सभा पुढच्या शुक्रवारी आहे.

कुसळी

करून पाहिलंय. हजेरीची वही वाडीकडे ठेवा.