युथ ग्रुपची युरोप तीर्थयात्रा, मे २०२७: काय ठेवावं, काय गाळावं?

बावखल

नमस्कार मंडळी. मी वसईतल्या एका धर्मग्रामात युथ ग्रुपचं काम बघते. आमची पोरं कधीची मागे लागलीयेत की एकदा युरोपला तीर्थयात्रेला जाऊया. २०२७ चा जागतिक युवा दिन सोलला आहे, तिकडे काहीजण जाणारच आहेत, पण बाकीच्यांचं म्हणणं असं की पोर्तुगालमधली फातिमा माता आणि फ्रान्समधली लूर्ड्स माता आपण लहानपणापासून घरच्या अल्तारावर बघतोय, तर आपल्याला तिथेच जायचंय. फादर हो म्हणालेत आणि स्वतः सोबत येणार आहेत. सगळी १७ ते २५ वयाची मुलंमुली, परीक्षा संपल्या की मे महिन्यात निघायचं ठरतंय.

एका टूरवाल्याने बारा दिवसांचा प्लॅन दिलाय, त्यात लिस्बन, फातिमा, सांतियागो, लूर्ड्स, पॅरिस, तुरिन, पादुआ, असिसी, रोम असं सगळं कोंबलंय. पालकांना आवडलाय कारण एवढे पैसे घालताय तर सगळं बघून या. मला मात्र पोरांना प्रार्थनेला निवांत वेळ मिळायला हवाय, रोज बॅग भरा नि बसमध्ये चढा एवढंच नको. यातलं काय गाळू? व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? आणि मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, करता येईल का कुठे?

सांडोरकर

ताई, पॅरिस, तुरिन आणि सांतियागो डोळे झाकून गाळा. तुरिनला येशूचं मानलं जाणारं जे पवित्र कफन बघायला लोक जातात ते एरवी बंद पेटीत असतं, दिसतच नाही. सांतियागो चालत जाणाऱ्यांचं ठिकाण आहे, शेवटचे निदान १०० किलोमीटर पायी केले तर तिथलं प्रमाणपत्र मिळतं, त्यात २०२७ ला संत याकोबाचा सण २५ जुलै रविवारी येतोय म्हणून तिथे पवित्र वर्ष आहे आणि गर्दी तुफान असणार. पोरांमध्ये जोर असेल तर ती पदयात्रा वेगळी काढा, बसमधून उतरून कॅथेड्रलचा फोटो काढण्यात काही अर्थ नाही.

माझं मुख्य सांगणं म्हणजे फातिमा आणि लूर्ड्स ही दोन्ही रात्रीची ठिकाणं आहेत. टूरच्या बस दुपारी येतात, लोक ग्रोटोला (मातेचं दर्शन झालं त्या लूर्ड्सच्या गुहेला) हात लावतात, मूर्ती घेतात आणि संध्याकाळी पुढच्या गावाला निघतात, म्हणजे जे बघायला आलो ते सुरू व्हायच्या आत निघून जातात. लूर्ड्सला एप्रिल ते ऑक्टोबर रोज रात्री ९ वाजता मेणबत्त्यांची मिरवणूक असते. मेणबत्तीला कागदाचं आवरण देतात त्यावरच गाण्याचे शब्द छापलेले असतात, सगळ्यात पुढे व्हीलचेअरवरचे आजारी लोक, मागे बाकीचे, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना वेगवेगळ्या भाषांत चाललेली आणि दरवेळी 'आवे मारिया' आलं की हजारो हात मेणबत्त्या वर करतात. त्या व्हीलचेअर ढकलायला कॉलेजची मुलं असतात. तुमच्या पोरांनाही सेवा करायची असेल तर तीर्थस्थानाच्या ऑफिसला आधीच लिहून विचारा, युवा गटांसाठी तिथे स्वस्त मुक्कामाची सोयसुद्धा आहे.

लूर्ड्सला अजून एक चुकवू नका, 'काशो' म्हणून एक खोली आहे. जुना तुरुंग, वापरायच्या लायकीचा राहिला नाही म्हणून बंद केलेला. बर्नादेत धरून चार मुलं आणि आईबाप त्या एका खोलीत राहायचे. १८५८ साली १४ वर्षांची ही पोरगी इथूनच लाकडं गोळा करायला निघाली आणि तिला ग्रोटोत मातेचं पहिलं दर्शन झालं, पुढे एकूण १८ वेळा झालं. पोरांना त्या खोलीत उभं करून मग हे सांगा, फार फरक पडतो.

फातिमाला रोझरी रात्री ९.३० ला, दर्शनाच्या चॅपलपाशी. सकाळी मात्र पोरांना चालत आल्जुस्ट्रेलला न्या, ज्यांना मातेचं दर्शन झालं त्या लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या मुलांची घरं तिथे आहेत आणि वाटेत झाडीतून क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे) केलेली आहे. १९१७ साली लुसिया दहा वर्षांची आणि जसिंता फक्त सात. १२ मेची रात्र आणि १३ मे, म्हणजे पहिल्या दर्शनाचा दिवस, साधता आलं तर सोनं, पण खोल्या आत्तापासून बघाव्या लागतील. आणि ट्रेनने जाऊ नका, फातिमा नावाचं स्टेशन गावापासून वीसेक किलोमीटर लांब आहे, लिस्बनहून बस दीड तासात थेट नेते.

फातिमा तीन रात्री, लूर्ड्स तीन, असिसी दोन आणि उरलेलं रोम. जाताना लिस्बनला उतरा, येताना रोमहून निघा. मधे विमानाने तुलूज, तिथून ट्रेनने दोनेक तासांत लूर्ड्स. संत अंतोनींची कबर असलेलं पादुआ सुटलं म्हणून घरची म्हातारी माणसं हळहळतील, तर त्यांना सांगा की संत अंतोनी मूळचे लिस्बनचेच, कॅथेड्रलच्या शेजारी त्यांच्या जन्मस्थानावर चर्च आहे, तिथे मेणबत्ती लावून येऊ.

माइनकाठी

जर्मनीत असतो, व्हिसाचं मी सांगतो. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री त्याचा शेंगेन व्हिसा (या एका व्हिसावर युरोपातले बरेच देश फिरता येतात), म्हणजे वरच्या हिशोबाने इटली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात म्हणजे नोव्हेंबर २०२६ पासून अपॉइंटमेंटच्या मागे लागा, मेच्या सुट्टीसाठी मुंबईत झुंबड असते. फी ९० युरो, वर सेंटरचा चार्ज. किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच. पासपोर्ट परतल्यानंतर अजून तीन महिने तरी चालू हवा, आत्ताच सगळ्यांचे तपासून घ्या. १७ वर्षांच्या मुलांना आईवडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र.

ग्रुप म्हणून गेलात तरी निर्णय प्रत्येकाचा वेगळा होतो. एखाद्याचा नाकारला तर काय करायचं आणि त्याचे पैसे कसे परत द्यायचे हे पालकांच्या मीटिंगमध्ये आधीच बोलून ठेवा, नंतर त्यावरून मनं दुखावतात. कुणी बोस्नियातलं मातेचं तीर्थस्थान मेजुगोरिये घाला म्हणालं तर लक्षात ठेवा, बोस्निया शेंगेनमध्ये नाही, सिंगल एंट्री (एकदाच प्रवेशाच्या) व्हिसावर एकदा बाहेर पडलात की परत आत येता येत नाही.

जुनी_रमेदी

रोममध्ये जेझू चर्चला जाच, जाच. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह जुन्या गोव्यात, पण उजवा हात १६१४ साली रोमला नेला तो या चर्चमध्ये आहे. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर हजारोंना बाप्तिस्मा दिलेला हात आहे तो, आणि ते स्वतः वसईला येऊन गेलेत. तिकीट वगैरे काही नाही. पोरांना आधी माहीत असेल तर तिथून लवकर हलणार नाहीत.

पोप महोदयांची जाहीर भेट बुधवारी असते, पास फुकट मिळतात, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलग्यांनाही सांगा. लूर्ड्सचं पाणी प्रत्येकीला काकू-मावशीसाठी आणायचं असणार, निळ्या झाकणाच्या मातेच्या आकाराच्या बाटल्या मिळतात तिथे, त्या चेक-इनच्या बॅगेतच टाकायला लावा, हातातल्या बॅगेत बऱ्याच विमानतळांवर १०० मिलीच्या वर चालत नाही.

बावखल

खूप खूप आभार सगळ्यांचे! हे सगळं प्रिंट काढून पालकांच्या मीटिंगला नेते. मराठी मिस्साचं राहिलं आणि असिसीला दोन रात्री लागतीलच का? तिथली एक रात्र काढून रोमला देऊ का?

सांडोरकर

देऊ नका. कार्लो अकुटिसची कबर असिसीत आहे, जीन्स आणि स्पोर्ट शूज घातलेला १५ वर्षांचा मुलगा, ७ सप्टेंबर २०२५ ला संत झाला, तुमची पोरं तिथे खूप वेळ बसतील. खाली स्टेशनजवळ मोठ्या बॅसिलिकाच्या आत पोर्सिउन्कुला नावाचं इवलंसं चॅपल आहे, तिथेच बाजूला संत फ्रान्सिस १२२६ साली वारले, त्यालाच अर्धा दिवस जातो.

मराठी मिस्सा नक्की होते. फादरांनी बिशप हाऊसमधून सेलेब्रेट म्हणजे धर्मगुरू असल्याचं पत्र सोबत घ्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी ईमेल करून वेळ व चॅपल आधी ठरवून घ्यायचं, आयत्या वेळी मिळत नाही. वाचनं आणि गाणी मराठीत छापून इथूनच न्या, आणि वाजवणारा एकतरी पोरगा गिटार घेऊन येईल असं बघा.