मदत हवी आहे: वाढत्या शहरातील उच्चभ्रू वस्ती निवडताना नेमके काय तपासावे?

नमस्कार. गेले आठ महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे आणि तो निकाली निघण्याची चिन्हे दिसत नाहीत, म्हणून येथे मदत मागत आहे. राहते घर विकून शहरातील चांगल्या, म्हणजे आडपडदा न ठेवता सांगायचे तर उच्चभ्रू समजल्या जाणाऱ्या वस्तीत जायचे आम्ही ठरवले आहे. पैशांची जुळवाजुळव झालेली आहे, अडले आहे ते वस्तीपाशी. शहराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा लगेच अमुक चौक आणि तमुक रस्ता यांवर घसरते, आणि मला हवी आहे ती वस्ती पारखण्याची रीत.

घरात आम्ही चौघे आहोत. मी आणि पत्नी, दोघांची कार्यालये शहराच्या दोन टोकांना, मुलगी आठवीत, आणि आई, वय ७४, जिला चालता येते, पण थांबत थांबत. बरीच पायपीट करून आता दोन पर्याय उरले आहेत. पहिला पर्याय शहराच्या मध्याजवळील जुन्या वस्तीचा आहे. तेथे रस्त्यावर झाडांनी कमान धरलेली आहे, शाळा आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण इमारती चाळीस वर्षांच्या, गाड्या लावायला जागा अपुरी, आणि तेवढ्याच पैशांत मिळणारे घर जवळजवळ एक तृतीयांशाने लहान. दुसरा पर्याय म्हणजे शहराच्या कडेला गेल्या सहा-सात वर्षांत उभी राहिलेली वसाहत. तेथे रुंद रस्ते आहेत, विजेच्या तारा जमिनीखालून गेलेल्या आहेत, पोहण्याचा तलाव आहे, दारावर पहारा आहे, आणि ‘शहर आता इकडेच वाढणार’ हे वाक्य आहे, जे आम्ही आतापर्यंत तीन दलालांच्या तोंडून ऐकले आहे.

या वाक्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी मी जमेल तेवढे वाचन केले. अमेरिकी अर्थतज्ज्ञ होमर हॉइट यांनी १९३९ मध्ये तेथील १४२ शहरांतील भाड्यांच्या माहितीवरून असे मांडले होते की श्रीमंत वस्त्या शहराच्या केंद्राभोवती वर्तुळासारख्या पसरत नाहीत. त्या एखादी दिशा धरतात आणि पाचरीसारख्या त्याच दिशेने बाहेर सरकत जातात. ही दिशा बहुधा पुराचे भय नसलेल्या उंच जमिनीची, वेगवान वाहतुकीच्या मार्गाची आणि समाजातील वजनदार मंडळींच्या घरांकडची असते. म्हणजे दलालांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. मात्र त्याच मांडणीची दुसरी बाजू ते सांगत नाहीत. सुखवस्तू कुटुंबे पुढे सरकली की त्यांनी सोडलेली घरे हळूहळू कमी उत्पन्नाच्या कुटुंबांकडे जातात, आणि वाढत्या शहरात आज ज्या वस्तीला टोक म्हणतात तिच्या पुढे दहा-पंधरा वर्षांत आणखी एक टोक तयार झालेले असते. तिकडची चकाचक अधिक नवी असते. मग काही थोड्या जुन्या वस्त्या दोन-दोन पिढ्या आपला मान राखून असतात, त्या कशाच्या बळावर?

मला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही, कारण आमच्या सध्याच्या घराने तो चांगलाच शिकवला आहे. बारा वर्षांपूर्वी हे घर आम्ही घेतले ते केवळ समोरच्या मोकळ्या माळाकडे पाहून. माळ मोकळा होता. तो मोकळाच राहील असे कोणी लिहून तर सोडाच, तोंडीही सांगितले नव्हते, आणि विकास आराखड्यात त्या जमिनीवर काय दाखवले आहे हे पाहण्याचे कष्ट आम्हीही घेतले नाहीत. चौथ्या वर्षी तेथे १८ मजले उभे राहिले. आता दुपारी अडीचनंतर आमच्या स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. दोष कोणाला देणार? या वेळी मात्र आंधळेपणाने जायचे नाही, असे ठरवले आहे.

नव्या वसाहतीत आम्ही पाच वेळा गेलो. पहिल्या चार खेपा दुपारच्या, दलालाच्या गाडीतून. पाचव्या वेळी मंगळवारी रात्री साडेआठला आमचे आम्हीच गेलो आणि दाराशी उभे राहून मी एका इमारतीच्या उजेड दिसणाऱ्या खिडक्या मोजल्या. त्या बाजूला ५६ घरे आहेत, त्यांपैकी १९ घरांत दिवे होते. लिफ्टच्या आतल्या पत्र्यावरचे प्लास्टिक अजून तसेच होते, फक्त बटणांभोवती कोणीतरी नखाने सोलत बसल्यासारखे ते फाटले होते. इमारत सहा वर्षांची आहे. याचा अर्थ बरीच घरे राहण्यासाठी नव्हे, तर भाव वाढण्याची वाट पाहण्यासाठी घेतलेली आहेत, असा मी काढला. हा अर्थ बरोबर आहे का, आणि असेल तर रिकाम्या घरांचे मालक देखभालीची वर्गणी वेळेवर भरतात का?

त्यानंतर एका रविवारी आईला घेऊन वसाहतीच्या दारापासून जवळच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालून पाहिले. नकाशावर ते अंतर ६०० मीटर आहे, म्हणजे धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटांचे. आईला २२ मिनिटे लागली, कारण पदपथ दोनदा संपला, एकदा विजेच्या पेटीपाशी आणि एकदा शेजारच्या संकुलात गाड्या शिरण्याच्या चढापाशी, आणि दोन्ही वेळा तिला भरधाव वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागले. वाटेत टेकायला एकही जागा नव्हती. जुन्या वस्तीत अंतर जवळपास तेवढेच भरले, पण तेथे ती दोनदा कट्ट्यावर बसली आणि एका अनोळखी बाईंशी गुडघ्यांविषयी बोलून आली. वेळ तेथेही वीस मिनिटे लागला. फरक असा की परतल्यावर ती दमलेली नव्हती.

रोजच्या जाण्यायेण्याचा हिशेब याहून अवघड आहे. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये लिहिले होते की माणूस दिवसाकाठी साधारण एक तास प्रवासाला देतो आणि वाहने वेगवान झाली की तो वेळ वाचत नाही, फक्त घर दूर जाते. आम्ही सकाळी नऊला प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तेव्हा नव्या वसाहतीतून माझ्या कार्यालयाला एका बाजूने ५५ मिनिटे लागली आणि जुन्या वस्तीतून ३०. यावर दलालाचे उत्तर असे की रस्ता रुंद होणार आहे. ह्यूस्टन शहरातील केटी महामार्ग २००८ मध्ये रुंद झाला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ मार्गिकांचा, आणि पुढच्या काही वर्षांतच तेथील गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला, हे वाचल्यापासून त्या उत्तरावर माझा विश्वास उरलेला नाही.

जाणकारांनी आणि विशेषतः अशा दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत राहिलेल्यांनी मार्गदर्शन करावे. रस्ता, उद्यान, शाळा अशा ‘येणार आहेत’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना निर्णयात किती वजन द्यावे? जुन्या वस्तीत अडचण सोसून लहान घर घ्यावे, की मोठे घर घेऊन ती वस्ती रुजेपर्यंत वाट पाहावी? मुलगी चार-पाच वर्षांत बाहेर पडेल आणि आईचे चालणे कमीच होत जाईल, हेही कृपया लक्षात घ्यावे.

प्रतिसाद १

मी नगररचनेच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. आपण खिडक्या मोजल्यात हे उत्तम केलेत, पण एका मंगळवारच्या मोजणीवर निष्कर्ष काढू नका. अशा वसाहतींत दोघेही नोकरी करणारी कुटुंबे अनेक असतात आणि साडेआठला ती घरी पोहोचलेली नसतात. रविवारी रात्री नऊला पुन्हा मोजा. त्याहून खात्रीचे साधन म्हणजे सोसायटीचे वार्षिक हिशेब. विकणाऱ्याकडे मागील तीन वर्षांचे हिशेब मागा आणि त्यात दोनच ओळी शोधा: थकलेली वर्गणी किती, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला निधी किती. लिफ्ट, पाण्याचे पंप, बाहेरचा रंग आणि तो पोहण्याचा तलाव यांचा मोठा खर्च इमारत दहा-बारा वर्षांची झाली की एकदम अंगावर येतो, आणि वस्तीची कळा उतरू लागते ती बहुधा तेव्हापासून.

रुंद रस्ता हा गुण म्हणून सांगितला जातो, पण त्याच्याकडे तोंड करून असलेली शयनगृहे हा दोष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशींत वाहतुकीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असे म्हटले आहे. वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी मोकळ्या जागेत आवाज सुमारे ३ डेसिबलनेच उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला १० डेसिबलच्या आसपास उतरावा लागतो. त्यामुळे इमारत रस्त्यापासून वीस मीटर आत आहे की चाळीस, यावर भांडू नका. घराचे तोंड आतल्या अंगाला आहे का, ते पाहा.

वाऱ्याची दिशाही विचारात घ्या. इंग्लंडच्या जुन्या औद्योगिक शहरांत वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहत, गिरण्यांचा धूर पूर्वेकडे जाई आणि गरीब वस्त्या पूर्वेला साचत गेल्या. तो धूर जाऊन कैक दशके उलटली तरी त्यांतल्या अनेक शहरांत हा फरक टिकून आहे. आपल्या नव्या वसाहतीच्या वाऱ्याच्या बाजूला कारखाने किंवा कचऱ्याचे आगार नाही ना, हे आराखड्यात आणि प्रत्यक्ष जाऊन, दोन्हीकडे तपासा.

आणि एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे, ती म्हणजे जुनी वस्ती आहे तशीच राहील. चाळीस वर्षांच्या इमारती आता पाडून नव्याने बांधल्या जाण्याच्या वयात आल्या आहेत. तेथे परवानगी असलेला चटई निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, वाढला, तर त्याच गटारांवर आणि त्याच रस्त्यांवर दुप्पट-तिप्पट घरे येतील. माळाच्या बाबतीत झाले तेच, फक्त या वेळी बांधलेल्या जमिनीवर. आजूबाजूच्या दहा भूखंडांपैकी किती भूखंडांवर बांधकामाचे अर्ज पडले आहेत, हे आधी पाहा.

प्रतिसाद २

हॉइट यांचा दाखला जपून वापरावा, एवढेच सुचवतो. याच गृहस्थांनी १९३३ मध्ये शिकागोच्या जमिनींच्या किमतींवर लिहिताना, कोणत्या वंशाचे लोक शेजारी आले की भाव उतरतात याची उतरंडच लावली होती, आणि अशा विचारांचा आधार घेऊन पुढे तेथे अनेक वस्त्यांना घरकर्जे नाकारली गेली. ‘चांगली वस्ती’ म्हणताना आपण रस्ता, पाणी, उजेड तपासतो आहोत की शेजाऱ्याची पत, हे स्वतःला विचारून ठेवलेले बरे. आपल्या धाग्यात तसे काही दिसले नाही, दलालांच्या बोलण्यात मात्र ते हमखास असते.

व्यवहारापुरते माझे मत असे: दोन्हीकडे आधी भाड्याने राहा. मी नव्या वसाहतीत विकत घेण्याआधी अकरा महिने भाड्याने राहिलो आणि घेण्याचा बेत सोडून दिला. त्याला कारण वसाहत नव्हती, संध्याकाळचा परतीचा रस्ता होता.

मूळ लेखकाचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातील शेवटच्या मुद्द्याने माझी झोप उडवली, हे मान्य करतो. दुसऱ्याच दिवशी जुन्या वस्तीतील त्या गल्लीत जाऊन आलो. दहांपैकी तीन इमारतींसमोर पत्रे लागलेले आहेत आणि चौथीच्या रहिवाशांच्या बैठका चालू आहेत, म्हणजे पुढील पाच-सहा वर्षे तेथे धूळ आणि मालमोटारी असणार. रविवारी रात्री नऊला नव्या वसाहतीच्या खिडक्याही पुन्हा मोजल्या. ५६ पैकी २७ भरल्या. मंगळवारपेक्षा बऱ्या, पण निम्म्याही नाहीत. हिशेब मागितल्यावर विकणाऱ्याने एकाच वर्षाचे दिले आहेत. उरलेल्यांसाठी मी अडून बसलो आहे.

हॉइट यांच्याविषयीची सूचना योग्य आहे. मी केवळ दिशेचा मुद्दा उचलला होता. बाकीचे ठाऊक असते तर तो दाखला तसा उघडाच मांडला नसता.

भाड्याने राहण्याचा सल्ला घरात सर्वांना पटला, आईला सोडून. या वयात दोनदा सामान हलवायचे नाही, असे तिचे स्पष्ट म्हणणे आहे, आणि ते डावलणे मला जमणार नाही. त्यामुळे आता विचार असा आहे की आईला सध्याच्या घरीच ठेवून पत्नी, मुलगी आणि मी आळीपाळीने दोन-दोन आठवडे दोन्ही वस्त्यांत राहून पाहावे, आणि आईने फक्त दिवसा येऊन जावे. इतक्या थोड्या मुक्कामात पावसाळ्यातील पाणी साचणे आणि उन्हाळ्यातील पाण्याची ओढ या दोन्ही गोष्टी दिसणार नाहीत, हे मला कळते. ज्यांनी असे थोड्या दिवसांचे मुक्काम करून घर निवडले आहे, त्यांनी वर्षातील कोणता काळ निवडला होता, आणि न पाहिलेल्या ऋतूंविषयी खात्रीची माहिती शेजाऱ्यांकडून कशी काढली, एवढे कृपया सांगावे.