जतच्या ठरावाला फितुरी म्हणायचं का?

येरळाकाठ:
नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या 40 गावांवर हक्क सांगितला. आधार काय, तर पाणी मिळत नाही म्हणून त्या गावांनी 2012 च्या सुमारास कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. आपल्याकडं लगेच अस्मितेचा गदारोळ उठला. पण कृष्णेचं पाणी उपसून जतला द्यायच्या, वर्षानुवर्षं अडलेल्या विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे 2000 कोटींची घोषणा कधी झाली? या गदारोळानंतरच. आपल्या भागात सरकार हलतं ते लोकांनी रेटल्यावर. 1993 पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडींनी तेच केलं. अण्णा मूळचे प्रतिसरकारातले. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या प्रतिसरकारानं गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकारांना वठणीवर आणलं. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातला वाळवा-तासगावचा भाग साताऱ्यातच होता.

कराडकर:
दादा, प्रतिसरकार परक्या राजवटीविरुद्ध होतं. इथं सरकार आपण निवडून दिलेलं आहे. ते हलावं म्हणून शेजारच्या राज्यात जायची धमकी द्यायची, हे पटत नाही. तिकडं बेळगाव-निपाणीची माणसं 1956 पासून महाराष्ट्रात यायला झगडतायत, आपला दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यांच्या लढ्याला या ठरावानं धक्का बसतो. आणि नुसत्या चळवळीनं पाणी येत नसतं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, ते राज्य म्हणून भांडल्यावर.

उमदीचा:
मी पूर्व जतचा. घरी कन्नड बोलतो, सातबारा मराठीत आहे, दोन्हींचा त्रास नाही. त्रास पाण्याचा आहे. कृष्णा म्हैसाळला वाहते, तिथून पंपानं टप्प्याटप्प्यानं उचललेलं पाणी आमच्याकडं येईतो वरच्या गावांनीच संपवलेलं असतं. टँकर आला की बायका कामं टाकून घागरी घेऊन पळायच्या. मग कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचं पाणी हद्द ओलांडून आमच्याकडं आलं. ते बघून कुणी ठरावाची भाषा केली तर त्याला फितूर म्हणू नका.

कराडकर:
फितूर मी म्हटलं नाही. तुमचं दुखणं खरं आहे. पण बोम्मईंना तुमची तहान दिसली की सीमावादात टाकायला एक पत्ता सापडला? ठराव एकदा केला की तो गावाच्या हातात राहत नाही. मुंबई आणि बेंगळुरू तो आपापल्या सोयीनं वापरतात.

येरळाकाठ:
हे मान्य. म्हणूनच दबाव टाकणारी संघटना गावाची हवी, पक्षाची नको. बलवडीला येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तेव्हा पाणी कसं वाटायचं हेही आधीच ठरवलं: समान, भूमिहीनांनाही वाटा. सरकारी उपसा योजनेत असं कुठं झालंय दाखवा.

उमदीचा:
विस्तारित योजनेचं पाणी आलं तरी वाटपात आमचा नंबर शेवटचाच लागणार असेल, तर पुन्हा तीच गत. पाणी उपसायच्या वीजबिलातला 19 टक्के वाटा शेतकऱ्याचा, 81 सरकारचा. तो 19 आम्ही भरू. पण पाण्याचं आवर्तन कालव्याच्या शेपटाकडून सुरू करा, एवढं लिहून द्या.