जादूच्या जगात गुन्हेगारी मोहीम चालत नाही म्हणे

निशाचर
टेबलाभोवती बसून खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (डी अँड डी) रोल-प्लेइंग खेळांत चोर-दरोडेखोर बनून मोहीम, म्हणजे सलग गोष्ट, खेळण्यावर परवा एक पोस्ट वाचली. सार असं: (१) खरं बोलायला लावणारे आणि मेलेल्याला बोलतं करणारे स्पेल (मंत्र) असताना शहरात खून-दरोडे पचूच शकत नाहीत. (२) ड्रॅगनांच्या जगात येऊन खिसे कापत बसणं हा फॅन्टसीचा अपमान आहे. (३) अशा मोहिमा खेळणाऱ्यांना फक्त रक्तपाताची हौस असते. तिसरा मुद्दा वाचून तिडीक गेली, म्हणून सविस्तर लिहितेय.

खरं बोलायला लावणाऱ्या झोन ऑफ ट्रूथ स्पेलची त्रिज्या 15 फूट, मुदत 10 मिनिटं. सेव्ह (स्पेलपासून वाचायचा फासा) फसला तर आतल्या माणसाला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, एवढंच. गप्प बसता येतं, उत्तर टाळता येतं. मेलेल्याला बोलतं करणाऱ्या स्पीक विथ डेडमध्ये 5 प्रश्न विचारता येतात, प्रेताला तोंड शाबूत लागतं, आणि जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच ते सांगणार. पाठीत सुरा बसलेल्याला मारेकऱ्याचं तोंड दिसलेलंच नसतं. माझ्या मोहिमेतली एक टोळी खून केला की जबडा काढून नेते. आता त्या शहरात बिनजबड्याचं प्रेत सापडलं की काम कोणाचं हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि साक्षीला कोणी पुढे येत नाही. जादूने गुन्हा संपत नाही, गुन्ह्याची पद्धत बदलते.

अपमानाचं म्हणाल तर थीफ (चोर) हा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, डी अँड डीच्या 1975 च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. जुन्या डी अँड डीत एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण) मिळायचा, त्यापुढे राक्षस मारल्याचे गुण किरकोळ. म्हणजे न लढता माल लांबवणारा शहाणा ठरायचा. हा खेळ पहिल्यापासून चोरांचाही आहे.

आणि हिंसा? डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांच्या भुयारात, आपण गोब्लिनांची अख्खी वस्ती कापतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. शहरात निघून जाता येत नाही. ज्या पहारेकऱ्याला जिन्यावरून ढकललं, त्याची बहीण तुमच्याच खोलीखाली राहते. ब्लेड्स इन द डार्क या गुन्हेगारी टोळ्यांच्या खेळात तर डॉस्कव्होल शहराभोवती विजेचं कुंपणच आहे. कामात कोणाचा जीव गेला की हीट (टोळीमागचा ससेमिरा) 2 ने जास्त वाढते, शिवाय स्मशानातली घंटा वाजते आणि एक कावळा प्रेताच्या दिशेने उडतो. खून इतका महाग पडणारा दुसरा खेळ दाखवा, मग रक्तपाताच्या गप्पा मारा.

लोखंडी_ढाल
जादूचा मुद्दा मान्य. पण खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. दरोड्याचं सेशन (खेळाची एक बैठक) म्हणजे निम्मा वेळ नुसती चर्चा. नकाशा, पहाऱ्याच्या वेळा, छपरावरून की गटारातून. सगळं ठरतं, पहिल्याच कुलपावर रोल (फासा) फसतो, आणि मग तीच मारामारी. मग डंजन काय वाईट? डी अँड डीचं 2018 चं छापील साहस ड्रॅगन हाइस्ट घ्या. नावात दरोडा, 5 लाख सोन्याच्या नाण्यांचा खजिना, आणि छापलंय तसं चालवलं तर प्लेअरांना धड दरोडा घालायला मिळतच नाही.

चकवा
शहरी मोहीम म्हटलं की एक जण स्वतःच्याच पार्टीचे (सोबतच्या कॅरेक्टरांचे) खिसे कापतो आणि वर म्हणतो, "माझं कॅरेक्टर असंच आहे". आमचा चांगला जमलेला ग्रुप यावरून फुटला. नियमात आधी हे बंद करा, मग बाकीचं बोला.

पाचवा_फासा
@लोखंडी_ढाल, तुझ्या दुखण्यावर औषध आहे, फ्लॅशबॅक. ब्लेड्समध्ये बेत कोणत्या प्रकारचा ते निवडायचं, एक तपशील ठरवायचा, रोल करायचा आणि थेट कामाच्या मधोमध उडी. अडलं की, "कालच या पहारेकऱ्याला पैसे चारले होते". तासन्तास खल करायची गरजच नाही.

लोखंडी_ढाल
ती पळवाट आहे. उत्तर आधी न शोधता, प्रश्न समोर आल्यावर "हे मी कालच केलं होतं" म्हणायचं, यात डोकं कुठे लागलं? आमच्या जुन्या जीएमकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) आम्ही एका सावकाराची तिजोरी फोडली होती. वस्तू शोधून काढणाऱ्या लोकेट ऑब्जेक्ट स्पेलला शिशाचा पातळ पत्राही अडवतो हे नियमात वाचून मी आधीच शिशाचं अस्तर लावलेली पेटी करून घेतली होती. जादूगार माग काढत आमच्या दारापर्यंत आला आणि हात हलवत परत गेला. तो आनंद फ्लॅशबॅकने मिळाला असता? आधी सुचलं होतं, म्हणूनच तो माझा विजय होता.

पाचवा_फासा
तुझा विजय! आणि तू अस्तराचा हिशोब करत होतास तेव्हा टेबलावरचे बाकीचे काय करत होते? त्यांना विचारलंस कधी? बेत आखण्यात दोघांना मजा येते, बाकीचे मोबाइल बघतात. शिवाय फ्लॅशबॅक फुकट नसतो. साध्या गोष्टीला 0 स्ट्रेस (ताण), अवघडला 1, गुंतागुंतीच्या गोष्टीला 2 किंवा जास्त. स्ट्रेसची 9 घरं भरली की ट्रॉमा (कायमचा घाव), चौथ्या ट्रॉमाला कॅरेक्टर बाद. टेबलावर घडून गेलेलं काही पुसता येत नाही, आणि गरज पडली तर फ्लॅशबॅकमध्येही रोल करावा लागतो.

लोखंडी_ढाल
नियम मला पाठ आहेत, शिकवू नका. किंमत लावली म्हणून पळवाटेचा रस्ता होत नाही. आणि मोबाइल बघणाऱ्यांसाठी खेळ सोपा करायचा असेल तर खेळूच नका!

मशालवाली
जरा शांत व्हा दोघं. मी वर्षानुवर्षं जीएम आहे, एक किस्सा सांगते. आमच्याकडची एक प्लेअर बेत आखताना कधी तोंड उघडायची नाही. दरोड्यात पहारेकरी अचानक समोर आला, तेव्हा तिने फ्लॅशबॅक मागितला: याला आधीच फोडलंय. मी विचारलं, पैसे कुठून आणले? तुमच्याकडे तर दमडी नव्हती. ती थांबली आणि म्हणाली, "आईची अंगठी दिली". त्या आईबद्दल तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. पुढे कित्येक सेशन ती अंगठी त्या पहारेकऱ्याच्या करंगळीत दिसत राहिली, आणि ती मिळवायला पार्टीने जे उद्योग केले ते माझ्या तयारीत कुठेच नव्हते. आधी बसून बेत केला असता तर ती म्हणाली असती, "50 नाणी देऊ". संपलं.

लोखंडी_ढाल
किस्सा चांगला आहे, तेवढं कबूल. पण श्रेय त्या प्लेअरचं आणि "पैसे कुठून आणले" हे विचारणाऱ्या जीएमचं. नियमाचं नाही.

पाचवा_फासा
नियमाने जागा करून दिली म्हणून प्रश्न विचारता आला! तुझ्यासारख्या जीएमपुढे ती कायम गप्पच बसली असती.

लोखंडी_ढाल
माझ्या टेबलावर कधी न बसता हे लिहायची हिंमत कशी होते? माझ्याकडे लाजऱ्या प्लेअरला मी स्वतः पहिला प्रश्न विचारतो. वैयक्तिक जाऊ नका.

निशाचर
दोघंही थांबा. धागा कशावर होता? तिसऱ्या मुद्द्याबद्दल, रक्तपाताच्या हौसेबद्दल, कोणीच बोललं नाही.

मशालवाली
त्यावर बोलते. त्या पोस्टमध्ये निम्मं खरं आहे, आणि हे मान्य करताना मला त्रास होतोय. "ग्रिटी" (कठोर वास्तव) नावाखाली एका जीएमने कैद्याच्या छळाचं वर्णन इतकं लांबवलं की मी उठून गेले. सेशन झीरोत (मोहिमेआधीच्या बैठकीत) मर्यादा ठरल्याच नव्हत्या. काय टेबलावर येणारच नाही आणि काय पडद्याआड उरकायचं, हे गुन्हेगारी मोहिमेत आधी ठरलंच पाहिजे. डंजनपेक्षा इथे जास्त गरज, कारण इथले बळी माणसं असतात, त्यांना नावं असतात.

निशाचर
हे पटलं. पण दोष त्या जीएमचा, प्रकाराचा नाही. 1986 च्या वॉरहॅमर रोल-प्लेइंग खेळात तुम्ही उंदीर मारणारा म्हणून सुरुवात करू शकता, सोबत एक छोटं खुनशी कुत्रं. मळकं, दरिद्री, आजारी जग आहे ते, आणि त्यात छळाचं एकही दृश्य न आणता महिनोन्महिने खेळता येतं. माझ्या लेखी ग्रिटी म्हणजे भाडं थकलेलं असणं, आणि ज्याला फसवलं तो उद्या सकाळी त्याच गल्लीत भेटणं.

चकवा
आणि पार्टीतल्या चोराचं काय? उत्तर कोणी दिलंच नाही.

मशालवाली
सेशन झीरो. तेही तिथेच ठरवायचं: पार्टीतल्या पार्टीत चोरी बंद.

लोखंडी_ढाल
मर्यादांबद्दल मशालवालींशी पूर्ण सहमत. फ्लॅशबॅकबद्दल, नाइलाजाने, एवढंच: पुढच्या मोहिमेत प्रत्येकाला एका दरोड्यात एक देऊन बघतो. जीएमने आक्षेप घेतला तर तो रद्द. नकाशा आणि पहाऱ्याच्या वेळा मात्र आधीच ठरतील.

पाचवा_फासा
आक्षेपाचा हक्क अख्ख्या टेबलाला दे, एकट्या जीएमला नको.

लोखंडी_ढाल
नाही. पहारेकरी कोणाकडून पैसे घेईल आणि कोणाकडून नाही, हे जीएमलाच माहीत असतं. तिथे मी हटणार नाही.