सड्यावरली गुरं हटवून फुलं वाचणार आहेत का?

सडेकर: काल इथं एकानं लिहिलं, 'कोरड्या माळांवर चराईनं वनस्पती घटतात, म्हणून गोव्याच्या सड्यांवरही, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवरही, गुरं कायमची बंद करा.' राहवलं नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराला कुंपण घातलं, गुरं थांबली. गवत माजलं, फुलं घटली, शेवटी कुंपण काढावं लागलं. उंच गवताच्या सावलीत सीतेची आसवं आणि गेंद ही बुटकी फुलझाडं तग धरत नाहीत. राजस्थानात भरतपूरच्या पाणपक्ष्यांच्या उद्यानात १९८२ साली म्हशी बंद केल्या, तर पॅस्पालम गवतानं पाणी झाकून टाकलं. अजून किती ठिकाणी ठेच खायची?

माळकरी: दोन्ही जागा ओल्या! सोलापूरकडे जेमतेम ५५० मिलिमीटर पाऊस. मेंढ्या सतत फिरल्या की पवना, मारवेल ही चाऱ्याची गवतं बी धरण्याआधीच संपतात, उरतात कुसळी आणि तरोटा. नोकरीला होतो तिकडे. कुंपणाआत गुडघाभर पवना, बाहेर बोडका मुरूम.

सडेकर: मग तिकडचा नियम ३००० मिलिमीटरच्या गोव्याला कशाला?

रानवेल: पाऊस ढीग, माती बोटभर. जांभ्यावर नत्र नाही म्हणून तर सीतेची आसवं हे झाड किडे पकडून खातं. शेण पडलं की नत्र मिळून तिथं गवतच जोर धरतं.

वाळपईकर: शेण सड्यावर ठेवतो कोण? आमच्या गवळी-धनगरांच्या म्हशी तिन्हीसांजेला गोठ्यात येतात, शेण जातं कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींना.

पेडणेकर: कसल्या म्हशी घेऊन बसलात? गुरं हायवेवर बसलीत! गेल्या पावसाळ्यात भावाची स्कूटर काळोखात वासरावर आदळली, खांदा मोडला. वासराच्या कानातला बिल्ला कापलेला. मालक आजतागायत पुढे आलेला नाही.

वाळपईकर: वाईट झालं. पण चरायला जागा उरली कुठं? आमचा सडा खाणीनं खाल्ला, तुमचा मोपाच्या विमानतळानं.

पेडणेकर: म्हणून रस्त्यावर सोडायची? दूध आटलं की दावं सोडायचं, वर आम्हालाच ऐकवायचं?

वाळपईकर: धनगर दावं सोडत नाही. आधी कोणाची गुरं ते बघा, मग बोला!

माळकरी: मोपाचा सडा चराईनं गेला नाही, एवढं मान्य.

रानवेल: बरं, गुराख्यामागून सांजेला परतणारी म्हैस चालेल. मोकाट गुरं नकोत. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, ऐन फुलोऱ्यात, सडा मोकळा ठेवा.

सडेकर: मोकाटांबद्दल वाद नाही. पण तेव्हाच तर कोवळं गवत असतं. ते दोन महिने म्हशींना वैरण कोण देणार, तेवढं आधी लिहा.