सॅक्रॅमेंटो खोऱ्यात पहिला बदक-हंगाम: सल्ला हवा आहे

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी. हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र मिळालं आहे. या हंगामात कॅलिफोर्नियातल्या ग्रिझली आयलंड आणि सॅक्रॅमेंटो रेफ्यूज (पाणपक्ष्यांचं राखीव क्षेत्र) या सार्वजनिक जागांवर बदकांच्या शिकारीला जायचा विचार आहे. व्हिसा एच-१बी. १२ बोअरची पंप शॉटगन घेणार आहे, कुत्रा नाही. कागदपत्रांत काय राहून जातं, काडतुसं कोणती घ्यावीत, डिकॉय (पाण्यावर तरंगणारी नकली बदकं) किती आणि कसे मांडावेत, पक्षी घरी आणल्यावर काय करावं, हे जाणकारांनी सांगावं.

लव्हाळा
आधी व्हिसाचं बघा, कारण तिथली चूक महागात पडते. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर या बंदीतून सूट मिळते. म्हणून आधी परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते आणि बंदूक मात्र घरातच राहते, तेव्हा नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. खरेदीसाठी कॅलिफोर्नियात फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट लागतं आणि पैसे भरल्यावर १० दिवस थांबावं लागतं. हंगाम सुरू होण्याच्या आठवड्यात दुकानात जाऊन उपयोग नाही.

परवान्याशिवाय लागतं ते: राज्याचं डक व्हॅलिडेशन (बदकांसाठीची परवान्याची जोड), एचआयपी नोंदणी (शिकार झालेल्या पक्ष्यांच्या हिशोबासाठीची) आणि २५ डॉलरचा फेडरल डक स्टँप. स्टँप कागदी असेल तर त्याच्या तोंडावर शाईने आडवी सही करा. सही नसलेला स्टँप चालत नाही, आणि नवखे हमखास इथेच अडकतात.

बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत. पंप गनच्या मॅगझिनमध्ये प्लग घालतात तो यासाठीच. घरी डमी काडतुसांनी तपासा: मॅगझिनमध्ये दोन गेली आणि तिसरं अडलं, तर प्लग बरोबर बसलाय.

थापट्या
काडतुसांबद्दल. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत. चिखलात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळायची आणि शिशाच्या विषाने मरायची. आता बहुतेक जण स्टील वापरतात. स्टील शिशापेक्षा हलकं, त्यामुळे लांबवर त्याचा जोर लवकर ओसरतो. शिशात जो नंबर वापरतात त्याच्यापेक्षा स्टीलमध्ये दोन नंबर जाड छर्रा घ्यायचा (नंबर जितका लहान तितका छर्रा जाड), हा जुना हिशोब आजही बरोबर आहे. मॅलार्ड, पिनटेल या मोठ्या बदकांसाठी ३ इंची काडतूस, सव्वा औंस छर्रे, २ नंबर. फक्त टील (छोटी बदकं) असतील तर ४ नंबर पुरतो. चोक (नळीचं तोंड किती आवळलेलं) इम्प्रूव्ह्ड सिलिंडर किंवा मॉडिफाइड, म्हणजे सैल किंवा मध्यम. स्टील दबत नाही, त्यामुळे छर्रे आपोआप घट्ट जातात आणि फुल चोकची गरज पडत नाही. कुणी जुनी फुल चोकची दुनळी दिली तर तिच्यात स्टील घालू नका, नळी खराब होते. तिच्यासाठी बिस्मथ धातूचे छर्रे.

मग पॅटर्न बघा. हे काम दहातले आठ जण करत नाहीत. चार फुटी कागद ३५ यार्डांवर लावा, मध्ये खूण करून एक बार टाका. छर्रे जिथे सगळ्यात दाट पडलेत तिथे ३० इंची वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. सव्वा औंस २ नंबरमध्ये साधारण १५६ छर्रे असतात. त्यातले ८५-९० वर्तुळात हवेत. कमी भरले तर चोक बदला किंवा काडतुसाचा ब्रँड बदला. असे तीन कागद झाले की आपली बंदूक किती अंतरापर्यंत भरवशाची आहे ते कळतं, आणि त्या अंतरापलीकडे घोडा दाबायचा नाही. पन्नास-साठ यार्डांवरच्या थव्यावर बार टाकणं ही या जागांवरची सगळ्यात वाईट खोड आहे. पक्षी पडत नाही, दोन-चार छर्रे अंगात घेऊन निघून जातो आणि पुढच्या लव्हाळ्यात दोन दिवसांनी मरतो. ज्याच्या डिकॉयवर तो थवा उतरत होता, त्याचीही सकाळ फुकट जाते. अंतर कळावं म्हणून डिकॉय मांडतानाच सगळ्यात बाहेरचा ३० यार्डांवर ठेवा. पक्षी त्याच्या आत आणि पाय खाली सोडलेले असतील, तरच बार.

ओळखीचा सराव आत्ताच सुरू करा. कॅलिफोर्नियात दिवसाला ७ बदकं, त्यात मॅलार्डच्या माद्या दोनच. मॅलार्ड मादीच्या पंखावर निळा पट्टा असतो, दोन्ही कडांना पांढरी किनार. गॅडवॉलच्या पंखावर पांढरा चौकोन असतो. पिनटेल मादीची मान बारीक लांब, चोच राखाडी. पिनटेलची मर्यादा बदलत राहते, तेव्हा चालू वर्षाचंच पत्रक बघा. हिवाळ्यात सुट्टीवर भारतात गेलात तर नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बीण घेऊन दोन सकाळी बसा. पिनटेल म्हणजे आपला तलवार बदक, शोव्हलर म्हणजे थापट्या. उडताना ओळखायची नजर तिथेही तयार होते.

फ्रीमाँटकर
फार उपयोगी. डिकॉय किती घेऊ? आणि वारा पडलेला असेल तर?

ओली_वाट
सार्वजनिक जागेवर सगळं ओढत न्यायचं असतं, अंधारात, चिखलातून. १२ ते १८ डिकॉय बास. दोरी पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवा, तळाला ६-८ औंसांचं वजन.

बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. म्हणून वारा आपल्या पाठीवर किंवा खांद्यावरून घ्या. डिकॉय दोन घोळक्यांत टाका, मध्ये, आपल्यापासून १५-२० यार्डांवर, मोकळं पाणी सोडा. बदकं त्या मोकळ्या जागेत यायला बघतात. सगळे सारख्या अंतरावर रांगेत मांडले तर वरून कवायतीसारखे दिसतात.

वारा नसला की डिकॉय मेल्यासारखे पडून राहतात. त्यावर उपाय जर्क कॉर्ड: एका टोकाला खुंटी, तिला तीनेक फूट बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी), पुढे दोरी, दोरीला तीन-चार डिकॉय. थवा फिरत असताना हलकेच ओढा, म्हणजे पाण्यावर लाटा उठतात. नुसत्या त्या लाटांनीच थवा वळतो. पक्षी समोरून येत असले की ओढणं थांबवा, हाताची हालचाल दिसते. पंख फिरणारे मोटरवाले डिकॉय कॅलिफोर्नियात ३० नोव्हेंबरपर्यंत चालत नाहीत, आणि जर्क कॉर्डचा खर्चही दहा-पंधरा डॉलरच्या आत.

लपण्यात कपड्यांच्या नक्षीला लोक फार महत्त्व देतात. खरी गोष्ट चेहऱ्याची. थवा डोक्यावरून गेला की वर बघायचं नाही, टोपीच्या कडेखालून डोळे फिरवायचे. ओला चेहरा खालून चकाकतो. जाळी लावा. रिकामी काडतुसं लगेच उचला, त्यांची पितळी टोकंही चमकतात.

वेडर्सचा (छातीपर्यंतच्या जलरोधक पँटचा) पट्टा कमरेला घट्ट आवळा. वेडर्समध्ये पाणी शिरलं की माणूस तळाला ओढला जातो असं म्हणतात, ते खरं नाही. पण भरलेल्या वेडर्ससकट काठावर चढता येत नाही, आणि जानेवारीच्या पाण्यात त्यातच जीव जातो. पट्ट्यामुळे पाणी कमरेखाली लवकर शिरत नाही. हातात काठी ठेवा आणि पाऊल टाकण्याआधी टेका. बांधाच्या कडेला चर असतात, गुडघाभर पाण्यातून एकदम छातीपर्यंत. आणि टुली फॉग: नोव्हेंबर ते फेब्रुवारी खोऱ्यात असं धुकं पडतं की दहा पावलांवरचा डिकॉय दिसत नाही. गाडीची जागा जीपीएसवर नोंदवून मगच निघा, फोन गारठून बंद पडतो म्हणून साधं होकायंत्रही खिशात.

कुत्रा नाही म्हणालात, तर दाट लव्हाळ्यावर असलेला पक्षी मारूच नका. मोकळ्या पाण्यावर पडेल असाच घ्या. पडला की त्या जागेमागची एखादी खूण, झुडूप किंवा खांब, नजरेत पकडा आणि नजर न काढता सरळ चालत जा. जखमी असेल तर डोकं पाण्याला टेकवून पोहत निघून जातो. लगेच दुसरा बार, पण पलीकडे कोणी नाही हे पाहून, कारण छर्रे पाण्यावरून उसळतात. एका पक्ष्याचा शोध संपेपर्यंत दुसरा मारायचा नाही.

लव्हाळा
त्यात एक भर. रेफ्यूजच्या टाइप ए जागांवर (जिथे मोजक्याच शिकाऱ्यांना पास देऊन सोडतात) माणशी २५ काडतुसांचीच मुभा आहे. मोजून न्या.

चुलीजवळ
पक्षी घरी पोहोचेपर्यंत पिसांसकट एक पंख किंवा डोकं जोडलेलं हवं, नाहीतर तपासणीत जात ओळखता येत नाही. दोघांचे पक्षी एका ढिगात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, ऊब कोंडून मांस बिघडतं. ऑक्टोबरात दुपारी गरम असतं, तिथेच पोट साफ करून बर्फावर, पण बर्फाचं पाणी लागू देऊ नका.

बर्ड फ्लूमुळे हातमोजे घालूनच सोलायचं, मध्ये खाणं-पिणं नाही, आजारी किंवा मेलेला सापडलेला पक्षी उचलायचा नाही. घरी कोंबड्या असतील तर वेडर्स वेगळे धुवा.

मांसात काळपट हिरवा ठिपका दिसला तर तिथे छर्ऱ्याने पीस आत ओढलेलं असतं, चिमट्याने काढा. मग चुंबक फिरवा, स्टील चिकटतं. हे टाळलं तर दात तुटतो. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ घालून त्यात मांस आठ तास फ्रिजमध्ये. तंगड्या चिवट असतात: कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला पाच शिट्ट्या, मग झाकण काढून सुकवा. छातीचा तुकडा कातडीची बाजू खाली ठेवून थंड तव्यावर चढवा, चरबी सावकाश सुटू द्या. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस हवं. थापट्या आणि टील एका भांड्यात शिजवू नका, थापट्याचा शेवाळी वास सगळ्याला लागतो.

लव्हाळा
शेवटचं, डिसेंबरात भारतात जाणार असाल तर. शिकारीची सॅक किंवा जाकीट प्रवासाला नेऊ नका. अस्तराच्या खाचेत अडकलेलं एक काडतूसही मुंबईच्या विमानतळावर शस्त्रास्त्र कायद्याखाली पोलीस प्रकरण होतं. शिकारीची सॅक वेगळी, प्रवासाची वेगळी.

फ्रीमाँटकर
सॅक वेगळी ठेवतो. शनिवारी पॅटर्नचे कागद लावतो आणि आकडे इथे टाकतो.