जंगल कार्बाइन: खरी नंबर ५ की कापलेली नंबर ४?

मोजपट्टी

ली-एन्फिल्ड नंबर ५ मार्क १ बद्दल विचारायचं आहे, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या नंबर ४ रायफलीवरून केलेल्या आखूड, हलक्या रायफलीबद्दल. इथे ब्रिटनमध्ये एका लिलावाच्या यादीत निकामी केलेली (गोळी झाडता न येणारी) एक रायफल 'जंगल कार्बाइन' म्हणून आली आहे. दिलेली माहिती अशी: एकूण लांबी १००५ मिमी, वजन ३.६ किलो, तोंडाशी शंकूसारखा फ्लॅश हायडर (बाराची ज्वाळा झाकणारा भाग), दस्त्याला रबरी पॅड. मागच्या साइटवर आकडे २०० ते १३०० यार्ड. बोल्टच्या दांडीची गोळी भरीव दिसते. बॉडीच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या सांगाड्याच्या) डाव्या बाजूवरचा मजकूर घासून गेलाय, वाचता येत नाही.

तीन गोष्टी कळायला हव्यात. नंबर ४ वरून नंबर ५ करताना नेमकं काय काय बदललं? नंबर ५ च्याच उत्पादनात आधीची आणि नंतरची असा काही फरक आहे का? आणि तिचा झिरो (जुळवलेला नेम) भटकतो म्हणतात, त्यामागचं कारण काय?

नळी_आणि_बॉडी

लांबीवर अजिबात जाऊ नका. खऱ्या नंबर ५ ची लांबी ३९.५ इंच, म्हणजे १००३ मिमी. पण करवत हातात असली की कुठलीही नंबर ४ तेवढी होते. वजन जास्त बोलकं आहे. खरी सुमारे ३.२ किलो भरते. निकामी करताना आत काय केलंय त्यावर थोडं वरखाली होतं, तरी ४०० ग्रॅमचा फरक माझ्या दृष्टीने संशयास्पद आहे.

कारण नंबर ५ ही नुसती आखूड केलेली नंबर ४ नाही. नंबर ४ ची नळी २५.२ इंच आणि वजन ४.१ किलोच्या आसपास. नंबर ५ ची नळी १८.७५ इंच. साडेसहा इंच नळी आणि पुढचं लाकूड काढलं एवढ्याने ९०० ग्रॅम कमी होत नाहीत, म्हणून जिथे जमेल तिथे लोखंड खरवडलं. तुम्ही बघायच्या जागा याच:

- नळीचा मागचा जाड भाग, जिथे ती बॉडीत शिरते. खऱ्या नंबर ५ वर तिथे लांबट खाचा मिलिंग करून काढलेल्या असतात. वरच्या लाकडाखाली असल्याने बाहेरून दिसत नाहीत. बँडचा (नळी आणि लाकूड एकत्र धरणाऱ्या पट्टीचा) स्क्रू सोडवून वरचं लाकूड उचलावं लागतं. कापलेल्या नंबर ४ वर हा भाग सरळ गुळगुळीत असतो. नक्कल करणारे इथपर्यंत सहसा जात नाहीत.
- बॉडीची डावी भिंत. नंबर ४ पेक्षा इथलं धातू कमी केलेलं असतं. दोन्ही रायफलींचे फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं.
- बोल्टची गोळी आतून पोकळ, टोकाशी भोक. तुमची भरीव आहे. मात्र बोल्ट अदलाबदल होतात, एवढ्यावरून निकाल देऊ नका. बोल्टच्या दांडीच्या मुळाशी मागे कोरलेला क्रमांक आणि बॉडीचा क्रमांक जुळतो का, ते विचारा.
- मागची साइट. नंबर ५ ची २०० ते ८०० यार्ड. १३०० ची नंबर ४ ची. हीसुद्धा बदलता येते.
- फ्लॅश हायडर. मूळ भागात हायडर, पुढच्या साइटचा पाया आणि संगिनीचा खुंट हे सगळं एकाच तुकड्यात असतं आणि तो नळीवर आडव्या पिना ठोकून बसवलेला असतो. बाजारू नकलेत छोटा स्क्रू आवळलेला दिसतो.

डाव्या बाजूवर कोरलेलं 'नंबर ५ मार्क १', महिना आणि वर्ष हे सगळ्यात मोठं प्रमाण. तिथेच घासलेलं असेल तर ते का घासलं, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायलाच हवा.

दस्ता_आणि_चाप

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. उत्पादन मार्च १९४४ ते डिसेंबर १९४७, दोनच ठिकाणी: लिव्हरपूलजवळ फझाकर्लीचा सरकारी कारखाना आणि बी.एस.ए. (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीचा शर्लीचा कारखाना. दोन्ही मिळून अडीच लाखांच्या आसपास. फझाकर्लीच्या मालावर 'आर.ओ.एफ. (एफ)', शर्लीच्या मालावर 'एम ४७ सी' हा युद्धकाळातला संकेत.

इतक्या कमी काळात मोठे बदल झाले नाहीत. डोळ्यांना दिसणारा एकच: सुरुवातीच्या रायफलींच्या पुढच्या लाकडाचं टोक उघडं, गोलसर घासलेलं असतं. नंतर त्यावर पत्र्याची टोपी आली. उघडं टोक आपटून फुटतं, ओलाव्यात तडकतं, म्हणून ती टोपी. जुन्या तारखेच्या रायफलीवर टोपी दिसली तर लाकूड नंतर बदललं असावं, त्याने रायफल खोटी ठरत नाही.

न झालेला बदल मात्र फार महत्त्वाचा आहे. नंबर ४ मार्क १ आणि नंबर ५ मार्क १ या दोन्हींत चापाची खीळ ट्रिगर गार्डमध्ये असते, आणि गार्ड लाकडाला धरून बसतो. लाकूड फुगलं किंवा आटलं की चाप आणि सीअर (फायरिंग पिन अडवून धरणारा, चापाने सुटणारा भाग) यांच्यातलं अंतर बदलतं. या चापाला दोन टप्पे असतात: पहिला हलका, दुसरा जड. लाकूड आटलं की ते टप्पे एकमेकांत मिसळतात किंवा दुसरा नाहीसाच होतो. जंगलात, पावसात वापरायच्या हत्यारात हा दोष राहावा हे मला आजही खटकतं. नंबर ४ मार्क २ मध्ये चाप थेट बॉडीला टांगला आणि प्रश्न सुटला. नंबर ५ मार्क २ तशीच होणार होती, पण ती चाचणीपुढे गेली नाही.

पट्टा लावायची कडीही बघा. नंबर ५ च्या दस्त्यावर ती बाजूला असते, नंबर ४ वर खालच्या कडेला.

झिरो_तपासनीस

भटकणारा झिरो म्हणजे आज साइट जुळवून गोळ्या एका जागी पडतात आणि उद्या तीच रायफल, तीच काडतुसं, पण गोळ्यांचा पुंजका सरकलेला. नेम चुकणं वेगळं आणि हे वेगळं. पुंजका लहानच राहतो, फक्त जागा बदलतो. सैनिकाच्या दृष्टीने हे जास्त वाईट, कारण चूक आपली की रायफलीची हे समजत नाही.

सरकारी चाचण्यांत लाकडाच्या बसणीत नाना बदल करून पाहिले, खात्रीचा इलाज सापडला नाही आणि जुलै १९४७ मध्ये नंबर ५ कालबाह्य ठरवली गेली. सहसा दोष दिला जातो तो हलक्या केलेल्या बॉडीला. ली-एन्फिल्डच्या बोल्टचे अडकण्याचे खुंट मागच्या बाजूला असतात, म्हणून बार उडताना बॉडीवर ताण येतो आणि ती किंचित वाकते. नंबर ४ ची जाड भिंत हे सोसते. भिंत खरवडल्यावर वाकणं वाढणार, हे यंत्रशास्त्राला धरूनच आहे.

त्यात काडतूस तेच. .३०३ मार्क ७, १७४ ग्रेनची गोळी, लांब नळीसाठी ठरवलेलं. के.एफ. शिक्का असलेली हीच काडतुसं आपल्या खडकीत, म्हणजे किरकी फॅक्टरीत होत. आखूड नळीत दारू पूर्ण जळत नाही, उरलेली तोंडाशी पेटते. फ्लॅश हायडर त्यासाठीच. धक्क्याचा हिशेबही सोपा आहे: गोळीचा जोर जवळपास तोच आणि रायफल एक पंचमांशाहून जास्त हलकी, म्हणजे खांद्यावर येणारी ऊर्जा साधारण पाव पटीने वाढणार. रबरी पॅडने हे कमी व्हायला हवं होतं, पण तो दस्त्यापेक्षा अरुंद आहे. सगळा मार छोट्या जागेवर येतो. आणि ऐंशी वर्षांत ते रबर दगड झालंय.

नळी_आणि_बॉडी

@झिरो_तपासनीस, वाकण्याच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. हल्ली अनेकांनी चांगल्या अवस्थेतल्या नंबर ५ तपासल्या आणि झिरो हलला नाही असं सांगितलंय. प्रत्येक रायफलीत हा दोष होताच असं मी लिहिणार नाही. लाकडाच्या मागच्या टोकाला, जिथे ते बॉडीला टेकतं, तिथले दोन खांदे दबले असतील तर नंबर ४ सुद्धा झिरो सोडते. आधी ते बघावं आणि मग बॉडीला दोष द्यावा. शिवाय कालबाह्य ठरवल्यावरही १९४८ पासूनच्या मलायातल्या लढाईत हीच रायफल वापरात होती.

झिरो_तपासनीस

खांद्यांचं मान्य. पण लाकूड हेच एकमेव कारण असतं तर बसणीचे इतके प्रयोग केल्यावर दोष गेला असता. दोन्ही मिळून होत असावं, या मतावर मी ठाम आहे.

मोजपट्टी

सगळ्यांचे आभार. विक्रेत्याकडून नवे फोटो मागवले. हायडरच्या खाली एक छोटा स्क्रू आहे, पिना नाहीत. वरचं लाकूड काढल्यावर नळीचा जाड भाग सपाट, खाचा नाहीत. अजून एक: बोल्ट काढायची खिटी सापडत नाही, त्याऐवजी उजव्या रुळात (बोल्ट जिच्यावरून सरकतो त्या कडेत) पुढच्या बाजूला एक खाच कापलेली आहे. क्रमांकात मधे 'सी' अक्षर आहे.

नळी_आणि_बॉडी

मग निकाल लागला. ती रुळातली खाच म्हणजे नंबर ४ मार्क १ स्टार. ही पद्धत फक्त उत्तर अमेरिकेत, कॅनडाच्या लाँग ब्रँचमध्ये आणि अमेरिकेच्या सॅव्हेजमध्ये वापरली. नंबर ५ तिथे कधीच बनली नाही आणि तिच्या बॉडीला कायम खिटीच असते. क्रमांकात 'सी' म्हणजे सॅव्हेज, 'एल' असता तर लाँग ब्रँच. डाव्या बाजूला तिरपा उजेड टाकून बघा, 'यू.एस. प्रॉपर्टी' ही अक्षरं पुसट दिसू शकतील.

म्हणजे मूळची अखंड सॅव्हेज कापून हिचं हे रूप केलंय. नंबर ५ च्या भावात घेऊ नका. संगीन घ्यायचा विचार असेल तर आधी हायडरचा व्यास मोजा. नंबर ५ च्या संगिनीची कडी मोठी असते आणि नकली हायडरवर ती बहुधा खुळखुळते किंवा चढतच नाही.

दस्ता_आणि_चाप

यादीत दुसरी एखादी 'जंगल कार्बाइन' दिसली आणि तिची मागची साइट नळीवर, बॉडीच्या पुढे असेल, तर ती आपल्या ईशापूरच्या (पश्चिम बंगालमधल्या सरकारी रायफल कारखान्याची) असू शकते. २ए आणि २ए१, ७.६२ मिमीच्या, १२ काडतुसांचं चौकोनी मॅगझिन. त्या दोन आवृत्त्यांतला ठळक फरक साइटचा: २ए वर २००० पर्यंत आकडे, २ए१ वर ८०० मीटरपर्यंत. अमेरिकेतल्या आयातदारांनी यातल्या बऱ्याच कापून आखूड केल्या. सैन्याची अशी कार्बाइन कधी नव्हती.

एक खबरदारी: ईशापूरच्या रायफलीचा दस्ता उतरवायचा असेल तर आधी पुढचं लाकूड काढा. दस्त्याच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक त्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. तसाच फिरवला तर लाकूड मागून उभं चिरतं, आणि ती चीर नीट जोडणं फार कठीण.